खालच्या वळणावर वाजणारी गाडी

ती. नाथाजी दाजी यांस, मेढ्याहून तुमचा धाकटा मेहुणा विश्वजीत याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ऊसतोडीची टोळी आली की अजून येतेच आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल. पत्र आलंय एवढंच ताईला सांगा, वाचून दाखवू नका. (फोनच केला असता, पण ताई तो स्पीकरवर टाकते आणि मग तुमच्या निम्म्या कुंडल गावासमोर मला बोलावं लागतं.) एक तारखेला गाडी न्यायला येतो हा तुमचा निरोप पोचला. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी येत्या गुरुवारी साताऱ्यात माझी काय शोभा होणार आहे ते ऐका.

या वर्षी आम्हा शिक्षकांना कृती संशोधन करायला सांगितलं आहे. म्हणजे असं की आपल्याच कामातली एक अडचण पकडायची, तिचं कारण आपणच शोधायचं, उपाय करायचा आणि फरक पडला का ते मोजायचं. शिवाय हे एकट्यानं करायचं नाही, सहकारी आणि पालक यांना बरोबर घ्यायचं. माझी शाळा डोंगरावर, मुलं एकवीस, शिक्षक दोन. मी आणि आबेदा मॅडम. अडचण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. शाळा साडेदहाची, आणि पोरं अकराला धापा टाकत येणार. पहिला तास वाचनाचा, तो रोज बुडणार. तिसरीतल्या पोरांना चार ओळी सलग वाचता येत नव्हत्या, दाजी. याचं मला खरंच वाईट वाटत होतं, आणि हा तास परत मिळवायचाच असं मी ठरवलं.

कारण मला आधीच माहीत होतं (संशोधनात असं चालत नाही हे मागाहून कळलं). पालकांची बेफिकिरी. मी बत्तीस प्रश्नांची प्रश्नावली काढली. घरात टीव्ही किती वाजेपर्यंत चालतो, मोबाइल कोणाच्या हातात असतो, पोरगं उठतं किती वाजता, उठवतं कोण. मग पालकसभा घेतली आणि वेळेचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोललो. ती सभा ठरल्यापेक्षा अर्धा तास उशिरा सुरू झाली होती, कारण घाटात धुकं होतं. आबेदा मॅडम रोज पहिल्या एसटीनं येऊन दहाला शाळा उघडतात. त्यांच्याकडे मी एकच काम दिलं होतं, कोण किती वाजता येतं ते वहीत टिपायचं. त्या टिपत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. शांत स्वभाव आहे, असं मी समजून चाललो.

सभेत माझं बोलून झाल्यावर शाळा समितीच्या अध्यक्ष रंगूबाई उठल्या. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "आवं गुरुजी, तुमची फटफटी खालच्या वळणावर वाजली की आमी तव्यावर भाकरी टाकतो. ती भाजून हुईस्तवर पोरगं आंगूळ करतंय. तुमी गाडीवरनं उतरताय तवा ते दारात हजर असतंय. मग उशीर कुठं झाला?"

सगळ्या बायका व्हय व्हय म्हणाल्या. दाजी, तुम्ही लष्करातून निवृत्त झाल्यावर मोठ्या मनानं मला दिलेली ती गाडी तीन वाड्यांना ऐकू जाते. अख्खा गाव तिच्यावर चालतो हे मला सहा वर्षं ठाऊक नव्हतं. मी आबेदा मॅडमकडे पाहिलं. त्यांनी वही उघडून पुढे केली. एकवीस मुलांच्या वेळा, आणि खाली बाविसावी ओळ माझी. पोरं माझ्यापेक्षा सरासरी दोन मिनिटं आधी येत होती. कारणाच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला होता: संशोधक. "आधीच का नाही सांगितलंत?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "सर, कारण आपलं आपणच शोधायचं असतं ना?"

पहिला उपाय उघड होता, मी वेळेवर यायचं. तीन दिवस जमलं. चौथ्या दिवसाचं काय सांगू, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. माझ्या स्वतःच्या हळदीला मी सगळ्यात शेवटी पोचलो होतो. म्हणून दुसरा उपाय केला. गाडी घरी ठेवली आणि मॅडमबरोबर पहिल्या एसटीनं आलो. दहाला मी शाळेत. साडेदहा झाले, अकरा झाले, एक पोर नाही. बाराला गावातले म्हातारे तात्याबा काठी टेकत वर आले आणि दारातून डोकावून म्हणाले, "हायसा व्हय. गाडी वाजली न्हाई, आमाला वाटलं बदली झाली." त्या दिवशी भाकरीसुद्धा उशिरा झाल्या म्हणे, आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं ते वेगळंच.

मग पुन्हा बैठक झाली, या वेळी मी गप्प बसलो. तोडगा बायकांनी काढला. गाडी शाळेच्या पडवीत मुक्कामाला राहील, रोज बरोबर साडेनऊला रंगूबाई किक मारतील, दोन मिनिटं वाजवतील आणि बंद करतील. मास्तर एसटीनं येवोत नाहीतर चालत. दाजी, दुसऱ्या दिवसापासून सव्वादहाला एकवीसच्या एकवीस पोरं हजर. सात आठवडे झाले. तिसरीतली सगळी पोरं आता धडा वाचतात, एक पोरगी तर इतकी भरभर वाचते की तिला थांबवावं लागतं. मध्ये चार वेळा माझी एसटी चुकली. मी पोचलो तेव्हा वाचनाचा तास संपत आला होता, आणि मी नव्हतो हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. मॅडमनी त्या चार दिवसांचा वेगळा तक्ता केला आहे. त्या दिवसांत वाचन जास्त झालं. मला जरा लागलं ते. पण गुरुवारी साताऱ्यात शंभर शिक्षकांसमोर मी तो तक्ता दाखवणार आहे, कारण आकडे खरे आहेत.

ताईला नमस्कार, भाचेबुवा वीरधवलला आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा आज्ञाधारक,
विश्वजीत

ता. क. : वीरधवलला लग्नाच्या वरातीसाठी तीच गाडी हवी आहे हे कळलं. दाजी, वरात एक संध्याकाळ चालते. इथे गाडी गेली तर पहिला तास पुन्हा जाईल, आणि तो मी एकट्यानं परत आणू शकत नाही हे आता लेखी सिद्ध झालं आहे. कृपा करून गाडी राहू द्या. ताईला तुम्हीच समजवा, मला धीर नाही.

ता. क. दोन : परक्या माणसाचा हात गाडीला लागू द्यायचा नाही, ही तुमची अट मी मोडली. रंगूबाई आता नुसती किक मारत नाहीत, मेढ्याच्या बाजारापर्यंत जाऊन येतात. गाडी शाळेकडेच राहील असा ठराव समितीनं केला असून नक्कल सोबत जोडली आहे. तुम्हाला विचारून करा असं मी म्हणालो होतो. माझ्या बाजूनं एकच मत पडलं, माझं.

ता. क. तीन : तरीही न्यायचीच असेल तर रविवारी या, पण सुरू करू नका, टेम्पोत ढकलत चढवा. गेल्या रविवारी मी शाळेत जाऊन गाडी धुतली आणि पाणी शिरलं का पाहायला एकदा सुरू केली. पाऊण तासात एकवीस पोरं आंघोळ करून, दप्तरं घेऊन दारात. परत पाठवायचं जिवावर आलं. संध्याकाळी पाचपर्यंत शाळा भरवली.