कुमुदच्या माश्या

११ फेब्रु. १९७८, शनिवार
कुमुद भिवापूरला जाऊन आज चार आठवडे झाले. गेली होती पंधरा दिवसांसाठी. सासूबाईंच्या पायाचं हाड जुळता जुळत नाही, आणि त्यांना लेक म्हणून ही एकच. इथे घरात मी आणि भुऱ्या. भुऱ्या रोज तिच्या जुन्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपतो. कुत्र्याचं बरं असतं, त्याला लाज नसते.
मागच्या अंगणात तिच्या मधमाश्यांची पेटी. दर आठ दिवसांनी उघडून बघा, सांगून गेली आहे. एकदाही उघडली नाही. वीस वर्षं मोजणीच्या कामात रानं तुडवली, अस्वल पाहिलं, पण या माश्यांची भीती वाटते ती वाटतेच. लांबून बघतो. ये-जा चालू असते, तेवढं पुरे.

१४ फेब्रु.
कु.ला कार्ड टाकलं. 'इकडे सर्व ठीक. माश्या मजेत. काळजी नसावी.'

१९ फेब्रु., रविवार
सकाळी चहा घेऊन मागे गेलो तर पेटीच्या तोंडाशी माश्यांचा हा एवढा घोस लोंबलेला. मागच्या मे महिन्यात दुसरी पेटी अशीच रिकामी करून गेल्या होत्या. कु. दोन दिवस धड जेवली नव्हती.
तिच्या अवजारांच्या डब्यात जस्ताची जाळी सापडली. तिनेच कधीतरी सांगितलं होतं: हिच्या भोकांतून कामकरी माशी निसटते, राणी अंगाने मोठी, ती अडते. आणि राणी नाही गेली तर कुणीच जात नाही. डोक्याला टॉवेल, हातांना तिची स्वयंपाकघरातली फडकी, अशा थाटात जाऊन जाळी दाराला ठोकली. कानावर एक डंख. भुऱ्या मदतीला आला, त्याला नाकावर. दोघं मोरीत बसून चुना लावत होतो.
दुपारपर्यंत घोस आत गेला. पेटी वाचली! कुणाला सांगू असं झालं.

२७ फेब्रु.
कु.चं कार्ड. तिकडेही सर्व ठीक. मिरच्या वाळत घातल्या आहेत. 'तुम्ही वेळेवर जेवता ना?' त्या 'ना'पाशी बराच वेळ थांबलो.
जाळीचं लिहिणार होतो. मग वाटलं, आली की दाखवू.

५ मार्च, रविवार
भिवापूरला जाऊन आलो. एस्टीत उभं राहून. अंगणभर लाल मिरची, खोकून खोकून जीव गेला. कु. बायकांमध्ये बसून देठं काढत होती, हसत होती. उन्हानं काळवंडली आहे. पण इतकी छान दिसत होती की मी पिशवी हातात धरून तसाच उभा.
जेवताना सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, तिले घेऊन जा आता. मायं मी पाहून घेईन. नाईच जमलं त मीच येईन दोन महिने तुमच्याकडं."
मी चटकन म्हणालो, "छे छे, राहू द्या. तिकडे सगळं ठीक आहे. माझं काही अडत नाही."
मोठेपणा केला असं मला वाटलं. कु.ने भात वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि नंतर निघेपर्यंत फारसं बोलली नाही. स्टँडवर फक्त, "माश्या?"
"मजेत."
परतीच्या गाडीत विचार करत होतो, काय चुकलं.

१३ मार्च
पेटीच्या दाराशी, जाळीच्या आतल्या बाजूने, मेलेल्या माश्यांचा ढीग. जाडसर, काळपट. ये-जा मंदावली आहे. कडुलिंब फुलून घमघमतो आहे आणि यांना त्याचं काही नाही. पूर्वी पायांना परागांचे पिवळे गोळे लावून यायच्या, तेही दिसत नाहीत.
कु.ला कार्ड. काय लिहिणार? सर्व ठीक.

१८ मार्च
ऑफिसातून लवकर निघून सायकलने कळमन्याला रामटेके मास्तरांकडे. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे सात पेट्या. कु.ला पेटी दिली त्यांनीच, शिकवलंही त्यांनीच. उद्या येतो म्हणाले.

१९ मार्च, रविवार
मास्तर आले. उघड्या हातांनी पेटी उघडली. विडी पेटवावी इतक्या सहज. पोळ्याची एकेक चौकट उन्हाकडे धरून बघत गेले. मग दाराकडे बोट.
"ही जाळी काहून लावली, भाऊ? कधीची हाय?"
"महिना झाला. पळून जाऊ नयेत म्हणून."
"चार दिवस लावाची असते गा ते. मग काढाची."
मग अंगणातच बसून सांगितलं. माश्यांनी तेव्हा नवी राणी तयार करायला घेतली होती. नवी राणी जन्मली, जुनी आतच मेली. नवीला एकदा बाहेर उडून नराशी जुळून यावं लागतं, तेव्हाच तिची अंडी उपयोगाची. मी तर दार बंद करून बसलेलो. नरही आतच डोकं आपटून मेले. तो ढीग त्यांचा.
"आता जाळी काढली तर?"
"तिचे दिवस गेले. आता ते उडत नाही." उठता उठता, "बाईले सांगतलं?"
मी काडीने तो ढीग गोळा करू लागलो.
"सांगा. पेटी तिची हाय."

२० मार्च
चार कागद फाडले. पाचवा पाकिटात घातला. लिहिलं ते असं: जाळी मी लावली, मीच विसरलो, तुझी पेटी माझ्या हातून मरायला लागली आहे. भुऱ्या जेवत नाही. मीही दोन वेळा नीट जेवत नाही, एकदाच करतो आणि तेच रात्री खातो. मला करमत नाही. सर्व ठीक नाही. कधीच नव्हतं.
पाकीट पोस्टाच्या पेटीत पडल्याचा आवाज आला आणि परत काढता आलं असतं तर काढलं असतं.

२५ मार्च
उत्तर आलं. अंतर्देशीय, तिन्ही बाजूंनी भरलेलं. अर्ध्याहून जास्त माश्यांविषयी. 'मास्तरांकडून ताज्या अंड्यांची एक चौकट आणा. ऊन चढायच्या आत. ओल्या पंच्यात गुंडाळा, आडवी धरू नका. त्या अंड्यांतून माश्या स्वतःच राणी घडवतील. आधी आतली राणी मास्तर काढतील. तेव्हा तुम्ही तिथे थांबू नका, तुम्हाला बघवणार नाही. भुऱ्याला ताकभात द्या, चमच्याने.'
आणि शेवटी: 'माझं काही अडत नाही म्हणालात त्या दिवशी मला वाटलं, खरंच अडत नसेल. आईसमोर मी काय बोलणार होते. मग मिरच्यांच्या देठांत लक्ष घातलं.'
येण्याविषयी एक अक्षर नाही.
मी गाढव आहे. हे इथे तारखेसह लिहून ठेवतो.

२६ मार्च, रविवार
पहाटे कळमन्याहून चौकट आणली. पुढे मास्तरांची सायकल, मागे माझी. चौकट उभी छातीशी धरलेली, एका हाताने हँडल. पंचा ओला, शर्ट ओला. रस्त्यात दोन खड्डे, दोन्ही वेळा तोंडातून 'कुमुद' निघालं. मास्तर पुढून, "काय म्हणता?" काही नाही म्हटलं.
राणी काढताना थांबलो. नको म्हणाली होती तरी. मास्तरांनी चिमटीत धरली, लांबट, तपकिरी, पंख शाबूत. एकदाही उडाली नाही ती. मग मास्तरांनी पाठ केली. खरंच बघवलं नसतं.
चौकट आत. जाळी काढून पत्र्याच्या छपरावर भिरकावली.

९ एप्रिल, रविवार
पेटीवर रोज दोनदा ओलं पोतं टाकतो. बशीत पाणी, बशीत खडे, बुडू नयेत म्हणून. टॉवेल आता लागत नाही. दोन डंख झाले, चुनासुद्धा लावला नाही. भुऱ्या ताकभात खातो, पण चमच्याने. थाळीत ठेवलं तर माझ्याकडे बघत बसतो.
मास्तर येऊन बघून गेले. नवी राणी बाहेर पडली आहे. आता ती उडेल, परत आली तर आली. "चिमणीनं खाल्ली त संपलं," म्हणाले आणि चहा मागितला.

१२ एप्रिल
रजा टाकली. कारण 'घरगुती'. अकरा ते तीन पेटीसमोर स्टुलावर. तीनदा वाटलं गेली, चारदा वाटलं आली. ऊन मी म्हणतंय.
कु. इथे अशीच बसायची, गुडघ्यावर हात ठेवून. मी आतून हाक मारायचो, चहाचं काय? तिला चहासाठी उठायच्या आधी एकदा पेटीकडे वळून बघायची सवय होती. आज आठवलं. आज आठवून काय उपयोग.

१६ एप्रिल, रविवार
कार्ड. 'अंडी दिसली का ते कळवा. नीट बघून. मग पुढचं ठरवू.' पुढचं म्हणजे काय ते नाही. सासूबाई काठी घेऊन चालतात एवढं आहे.
मास्तर जयंतीच्या कार्यक्रमांत, चार-पाच दिवस मोकळे नाहीत. निरोप दिला: "तुमीच उघडा. पोळ्यातल्या घराच्या तळाशी एकच अंडं, उभं, त राणीचं. बाजूले दोन-दोन तीन-तीन दिसले, त ते कामकरी माश्यांचे, फोल; पेटी गेली समजा."

२० एप्रिल, गुरुवार
सकाळी साडेसहाला उघडली. एकटा.
मधली चौकट उन्हाकडे धरली. मास्तर धरतात तशी. केसाएवढ्या रेघा ओढण्यात माझा हात धरणारा कचेरीत कुणी नाही, आणि इथे डोळ्यांत पाणी. चष्मा पुसला, परत धरली. एका घरात तळाशी काहीतरी पांढरं. उभं. शेजारच्या घरातही? की पंच्याचा धागा? तिसऱ्यात एक की दोन? माश्या त्यावरून चालत राहिल्या, हलवता येईनात. चौकट परत ठेवून पेटी मिटवली.
'दिसली' लिहिलं असतं तर ती आली असती. कार्ड घेऊन बसलो आणि 'दि' लिहून खोडला. खाली लिहिलं:
'पेटी मी स्वतः उघडली. अंडी दिसली की नाही ते मला कळत नाही. तू येऊन बघ. आईंनाही घेऊन ये. अंडी नसली तरी ये.'
भुऱ्याला साखळी लावून पोस्टाच्या पेटीपर्यंत नेलं. कार्ड टाकलं. तो परत फिरायला तयार नाही, तिथेच बसून राहिला. मीही थोडा वेळ थांबलो. मग ऑफिसला उशीर झाला.