पप्पूच्या सहीचं पत्र

मुलींचं वसतिगृह, घोडेगाव
२८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
प्रज्ञाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मोबाइल का घेत नाहीस म्हणून पुन्हा विचारलंस. आत्या, आपल्या बुद्धभूषणला बिबट्यानं उसात ओढलं, तेव्हा मी ओट्यावर बसून मोबाइलच बघत होते ना. चार वर्षांचं पोर माझ्या भरवशावर सोडून आई गोठ्यात गेली होती. दोन वर्षं झाली, अजून मोबाइल धरला की बोटं गार पडतात. म्हणून पत्रच. तूही आळस करू नकोस.

आता खरी गोष्ट. आई-अप्पांना सांगशील तर बघ. माझ्या वर्गात गोरख आहे, डोंगरातल्या वाडीचा. लहानपणी दरडीखाली त्याचे आई-वडील गेले, चुलत्यांनी वाढवलं. तेव्हापासून तो बोलायचाच नाही, बोलला तरी शब्दाशब्दाला अडखळतो. आमची गाठ समुपदेशनाच्या मॅडमकडं पडली, बाहेरच्या बाकावर. त्यानं विचारलं, तुझ्या भावाला खायला काय आवडायचं. कसं झालं, कुठं झालं हे सगळे विचारतात गं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, शेवयांची खीर, आणि ढसाढसा रडले. त्या दिवसापासून मला जेवण जातं. तोही रोज थोडं थोडं बोलतो, फक्त माझ्याशी.

हो, आवडतो मला. हस खुशाल. पण उद्या तो भाताच्या कापणीला घरी चाललाय, दिवाळीनंतरच येणार. वाडीत रेंज नाही. मॅडम म्हणतात, आता त्याचं बोलणं तुटलं तर पुन्हा सुरू होणं कठीण. काय करू, सांग.

माया आहे तेवढी राहू दे,
तुझी प्रज्ञा

येडगाव
३ ऑक्टोबर

चि. प्रज्ञास,
आत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग शिलाई मशीनवर डोकं टेकून रडले. गिऱ्हाईक म्हणालं, ताई, ब्लाउज बिघडला काय! अगं बये, एक मुका नि एक रडकी, तुमच्या संसारात भांडायचं कुणी?

चेष्टा राहू दे. ती डोंगरातली माणसं, आपण जयभीमवाले. तुझ्या नावाचं पत्र वाडीत गेलं तर पोस्टमन उतरायच्या आत बभ्रा होईल. तवा मुलाच्या नावानं लिही. पप्पू म्हण. पप्पू सगळ्या जातीत असतो! मागं पत्ता माझा टाक. आणि दोनदा वाचून मगच पेटीत टाक.

जेवत जा. मर्जी असू दे म्हाताऱ्या आत्यावर,
स्वप्ना

घोडेगाव
७ ऑक्टोबर

प्रिय मित्र गोरख यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी पप्पू. ओळखलंस ना? काल मॅडमकडं गेलो होतो. तुझ्यावाचून करमलं नाही. तू रोज बोलत जा. माणसं नसली तर बैलांशी बोल, भाताच्या पेंढ्यांशी बोल, पण गप्प बसू नकोस.

तू सांगितलं होतंस, वाघबारशीला तुमच्याकडं वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवतात. तुझा देव आहे, मी कोण सांगणारा. पण हात जोडशील तेव्हा माझ्या बुद्धभूषणचं नाव घे आणि त्याला विचार, का नेलंस.

दिवाळीनंतर लवकर ये. वाट बघते.

तुझा दोस्त,
पप्पू

२४ ऑक्टोबर

स्वप्नाताईंना बायडाबाईचा रामराम.

मी गोरखची चुलती. लिवतीय माजी लेक जया, बोल माजं. पत्रामागं तुमचा पत्ता व्हता म्हून चोरून धाडतीय.

वाघबारशीला समद्यांनी हात जोडलं. गोरख तसाच हुबा. मंग त्यानं वाघोबाला मोठ्यांदा इचारलं, बुद्धभूषणला का नेलंस. अडखळत बोलला, पन समद्या वाडीनं आयकलं. मान्सं लई भ्याली. आमच्या मालकांनी, चिमाजींनी, ह्यो कोन बुद्धभूषण म्हून त्याची पिशवी उपसली. पत्र गावलं. जयाला वाचाय लावलं. पयल्याच वळीला जयभीम. मालक म्हनलं, दोस्त असंल. खाली 'वाट बघते' आलं. पोरीनं हाय तसं वाचलं, तिला काय ठावं. मालक म्हनलं, पप्पू कवापास्नं बघते म्हनाय लागला?

दारात हुबं करून इचारलं, ही कोन. त्यो म्हनला, मी हिला वळखत न्हाई. ताई, येवढा वाढीवला त्याला, पयल्यांदाच येकदाबी न अडखळता बोलला. त्यावर आजपातूर तोंड उघडलं न्हाई. मालकांनी कॉलेज बंद करून त्याला मामाकडं लांब कामाला धाडलंय. पत्ता मलाबी सांगत न्हाईत.

तुमच्या पोरीचं मी वाईट चिंतत न्हाई. पन तिला सांगा, आता लिवू नको.

राग धरू नका,
बायडाबाई

घोडेगाव
२ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
जयभीम.

बायडाबाईंचं पत्र तू पाठवलंस, पण मधली, गोरख दारात काय बोलला ती दोन वाक्यं निळ्या पेनानं खोडून टाकलीस. आत्या, मी ती खिडकीच्या काचेवर धरून वाचली. माझ्यासाठी केलंस, कळतं.

स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. पप्पू तुझा, पण 'जयभीम' आणि 'बघते' माझ्या हातानं लिहिलं. भावाच्या वेळी माझं लक्ष नव्हतं. या वेळी डोळ्यांत तेल घालून दोनदा वाचलं गं, आणि दोन्ही वेळा मला ते बरोबरच वाटलं. वाघोबाला विचार म्हणूनही मीच सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, तुला वाचवायलाच तो तसं म्हणाला. मलाही माहीत आहे. दिवसभर मी स्वतःला तेच सांगते. पण आत्या, माझं नाव त्याला एकदाही धड घेता आलं नाही. 'प्र'वरच अडायचा, मी थांबायचे, मग तो लाजून सोडून द्यायचा. मला ओळखत नाही, एवढंच त्याला सलग म्हणता आलं.

उत्तराची घाई नाही.

तुझी,
प्रज्ञा