मागच्या दाराची खोड

चिमण्या,

हे पत्र टाकणार कुठे? गुप्तचर खात्यानं कोर्टात शपथेवर सांगितलंय, "हिच्या भावाला आम्ही कधी पाहिलेलंही नाही." तुला उचलून नेल्याची केस मागे घेत नाही म्हटल्यावर मला फोन सुरू झाले. "बाई, घरात एकट्याच असता ना?" मीही खमकी. म्हणते, "छे, भाऊ असतो."

काल सुनावणीहून आले, तर तुझी खुर्ची ओढलेली, टेबलावर अर्धा प्यालेला पाण्याचा ग्लास. पुढच्या दाराला मी जाताना आतून लावलेली कडी तशीच, मागचं कुलूप शाबूत.

वकीलबाई म्हणाल्या, "घाबरवताहेत. कुलूप बदला."

त्यांना आपल्या मागच्या दाराची खोड कुठे माहीत? किल्ली फिरवताना गुडघ्यानं दार वर उचललं नाही, तर ते सुतारालाही दाद देत नाही. ही युक्ती आपल्या दोघांनाच ठाऊक. आणि तुला नेलं तेव्हा दुसरी किल्ली तुझ्या खिशात होती.

ती युक्ती तुझ्याकडून कशी काढून घेतली असेल, या विचारानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सांगितलंस म्हणून रागावले नाहीये रे. तू त्यांच्याकडेच आहेस, हे मला घाबरवायला आलेलेच सांगून गेले.

कुलूप बदलणार नाही. तुझी किल्ली चालायला हवी.

तुझी,
ताई