अंतरा आणि अक्कलदाढ

२ जानेवारी
संकल्प: या वर्षी मनसोक्त गायचं. लेकीनं माझं ‘ते’ गाणं कुठूनसं शोधून फोनवर पाठवलं. ऐकलं आणि थेट कॉलेजात पोचलो. गॅदरिंगला मी हेच म्हटलं होतं. अंतऱ्याला आलो तर तिसऱ्या रांगेत एक मुलगी रुमाल तोंडाला लावून ढसाढसा रडत होती. पुढे तिच्याशीच लग्न झालं. गळ्यात असावं लागतं हो काहीतरी.
उजवीकडची दाढ किंचित ठणकतेय. मी स्वतःच डेंटिस्ट, त्यामुळे काळजी नाही. उद्या बघू.

५ जानेवारी
दवाखान्यात स्पीकर बसवला. इतकी वर्षं दाढा काढताना हेच गाणं नुसतं गुणगुणत आलोय. आता साथीला वाद्यंसुद्धा.
पहिला पेशंट बँक मॅनेजर. मुखड्यालाच डोळ्यांत पाणी. अंतऱ्याला तर हात हलवत ‘आं आं’ करून गायलाच लागला. तेही तोंडात माझी दोन अवजारं असताना! याला म्हणतात रसिक.
असिस्टंट म्हणाली, सर, ते थांबा म्हणत होते. हिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.

११ जानेवारी
लेकही डेंटिस्ट, शेजारच्याच खोलीत बसते. म्हणाली, बाबा, ते गाणं बंद करा, पेशंट बिचकतात. तुमच्या पिढीला सुरांचं काय कळणार, असं सुनावलं.
तिच्या खोलीबाहेर गर्दी, माझ्याकडे शुकशुकाट. कारण उघड आहे. चारचौघांत गहिवरायला लोक लाजतात.
दाढ: परवा नक्की.

२० जानेवारी
लवंग धरली. रियाजानं जबडा दमला असणार.
८ फेब्रुवारीला लग्नाला तीस वर्षं होतायत. हॉल ठरवलाय. केक कापायच्या आधी मी गाणार. बायकोला पत्ता लागू दिलेला नाही. ती पुन्हा तशीच रडलेली मला बघायचीय, बस्स. खरं सांगायचं तर हल्ली ती माझ्याकडे टीव्हीवरच्या जाहिरातीकडे बघावं तशी बघते. वाईट वाटतं. पण अंतरा ऐकल्यावर कुठे जाईल?

२ फेब्रुवारी
दाढेचा एक्स-रे काढायचा होता. रियाज महत्त्वाचा.

८ फेब्रुवारी
गायलो.
पाहुणे बहुतेक माझेच पेशंट. पहिली ओळ उचलली आणि अख्ख्या हॉलचा हात गालावर गेला. आधी वाटलं, विचारमग्न झालेत. समोरच्या किराणावाल्यानं मान मागे टाकून आपोआप आ वासला. बँक मॅनेजर फोन आला म्हणून जो बाहेर पडला, तो जेवायलासुद्धा परतला नाही.
बायकोनं रुमालात तोंड लपवलं. खांदे हलायला लागले. जिंकलो म्हटलं! जवळ गेलो तर हसत होती.

९ फेब्रुवारी
विचारलंच तिला, मग तेव्हा का रडली होतीस? म्हणाली, अक्कलदाढ येत होती. मैत्रीण म्हणाली, हा गातोय ना, तो डेंटलला आहे, गाणं संपलं की दाखव. ते काही संपेना, म्हणून रडू आलं.
तीस वर्षांनी सांगायची गोष्ट आहे का ही? मग लग्न तरी का केलंस, म्हटलं. तर म्हणे, दाढ फार अलगद काढलीत.
दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. गाल टम्म.

१२ फेब्रुवारी
शेवटी लेकीच्या खुर्चीत. बायको सोबत आली, कोपऱ्यात स्टुलावर बसली. धीर यावा म्हणून गाणं मीच लावायला सांगितलं. लेकीनं विचारलं, नक्की ना? म्हटलं, अगदी नक्की.
मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्याला ड्रिल खोल गेलं आणि ब्रह्मांड आठवलं. दोन्ही हात हलवून जीव तोडून सांगत होतो, बंद करा, आधी ते गाणं बंद करा!
असिस्टंट म्हणाली, अय्या, सर गातायत. लेकीनं आवाज वाढवला.
बायको रुमालानं डोळे पुसत होती. हसून हसून पाणी आलं होतं, हे मान्य. पण अंतऱ्यालाच.