इंग्रजांचा रविवार आणि आमचा

रविवार, ९ नोव्हें.
सकाळपासून एकच काम. इंग्लंडमधला एक जुना रविवार, पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी टीव्हीवर काय काय लागलं ते नेटवर सापडलंय. दुपारी शेतकऱ्यांसाठी काहीतरी. मग लहान मुलांचं. मग संध्याकाळी टीव्ही चक्क बंद, लोकांनी चर्चला जावं म्हणून. नंतर प्रार्थना, रात्री नाटक, शेवटी राणीचं राष्ट्रगीत आणि पडद्यावर आकसत जाणारा पांढरा ठिपका. यातलं बहुतेक काहीच शिल्लक नाही. सगळं थेट, रेकॉर्ड कोण करतंय. मला तो अख्खा रविवार लिहायचाय, न बघता. नाव सध्या 'इंग्रजांचा रविवार'. पुढं नुसतं इं.र.

अप्पांनी विचारलं काय चाललंय. सांगितलं. म्हणाले, "तिकडचा कशाला? हितला रविवार लिव की. दुकान बंद, पोटभर जेवण, झोप. संपलं पुस्तक." लीलाक्का, माझी मोठी बहीण, लई हसली. तिच्या लग्नाचा रविवार पंधरवड्यावर आलाय. अप्पा पत्रिका वाटत फिरतायत आणि मी इंग्लंडात.

मंगळवार, ११
इं.र.मधलं रात्रीचं नाटक. थेट म्हणजे थेट. चुकलं तरी थांबायचं नाही. आज वाचलं, अशाच एका रविवारी नाटक चालू असताना दोन प्रवेशांच्या मध्ये एक नट कोसळला आणि गेला. बाकीच्यांनी त्याची वाक्यं आपापसांत वाटून घेतली आणि नाटक शेवटापर्यंत नेलं. घरोघरी बघत बसलेल्यांना पत्ता नाही. वाचून उठलोच जागेवरनं. यावर एक अख्खं प्रकरण. लीलाक्काला सांगणार होतो, ती ब्लाउजची मापं द्यायला गेलेली.

शुक्रवार, १४
अप्पा गेले. काल दुपारी. दुकानात, गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवताना.
आज माती दिली. आपल्या लिंगायतांत बसवून पुरतात. कपाळावर विभूती, आणि मी वरनं
नाही लिहिता येत.

रविवार, १६
दुधनीचे काका, अप्पांचे धाकटे भाऊ, मुक्कामाला आहेत. ते अप्पांना अण्णा म्हणतात. सगळं तेच बघतायत. टेंभुर्णीहून नवऱ्यामुलाच्या वडलांचा फोन आला. तुम्ही म्हणाल तसं म्हणाले, पुढं ढकलायचं असलं तरी आमची हरकत नाही. काकांनी फोनवरच निकाल दिला. "ढकलायचं कशाला? आपल्यात सुतक न्हाय. आमचा अण्णा लिंगैक्य झाला, शिवात मिसळला, त्याचा विटाळ कसला? तारीख तीच."

याचा आमच्या घरात आधीपासून अभिमान. शेजारीपाजारी तेरा दिवस बसतात, आपण नाही बसत. काकांनी माझ्याकडं बघितलं. काय लेखक, बरोबर का? मी मान डोलावली. डोक्यात ते नाटक. वाटलं, हे तेच की. वाक्यं वाटून घ्यायची, पुढं न्यायचं.

अव्वा, आमची आई, उठून स्वयंपाकघरात गेली. लीलाक्का आत होती.

मंगळवार, १८
वाटणी झाली. वरातीला सामोरं जायला काका. माईकवर पाहुण्यांची नावं पुकारायला मी. भावकीतल्या प्रत्येक लग्नात हे काम अप्पांचं. "अक्कलकोटचे मामा आलेत, जरा काळजी घ्या. मामांची न्हाय, जेवणाची." मामा पण हसायचे. आज आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज त्यांच्यासारखा निघाला. बंद केलं.

लीलाक्का नीट जेवत नाही. विचारावं का म्हटलं तर अव्वा म्हणाली, सुम्निरु, गप बस. आत्ता विचारलंस तर रडंल ती.

गुरुवार, २०
विचारलं नाहीच. सांगितलं. गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. धीर यावा म्हणून त्या नटाची गोष्ट सांगितली, कशी सगळ्यांनी वाक्यं वाटून घेतली वगैरे. ती अप्पांचं धोतर घडी घालत ऐकत होती. मग म्हणाली,
"त्याच्या घरचे पण बघत असतील की रे टीव्ही."
म्हटलं, असतील.
"मग ते बघतच बसले असतील. आता येईल, पुढच्या प्रवेशात येईल म्हणून."
 इतकं वाचलं, हे सुचलं नाही.

नंतर बोलली ती. लग्न करायचंय, त्याच मुलाशी करायचंय. या रविवारी नाही. "सुतक असतं तर कोपऱ्यात बसून रडले असते, कुणी हटकलं नसतं. आपल्यात सुतक नाही म्हणजे मला रडायला पण सुट्टी नाही का?" आणि मग, विचारलंच नाही कुणी. तू पण नाही.

काकांना तू सांग म्हणाली. हो म्हटलं.

शुक्रवार, २१
नाही सांगितलं. काका दिवसभर फोनवर. आचारी, मांडव, गाड्या. दोनदा तोंड उघडलं, दोनदा त्यांनी मलाच काम सांगितलं. संध्याकाळी बघितलं तर अप्पांच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेले, चष्मा घसरून ओठावर. यांचा भाऊ गेलाय हे इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

इं.र. उघडलं. नटाचं प्रकरण काढून टाकलं. सगळं स्टुडिओतनं लिहिलं होतं. घरातनं लिहायला पाहिजे. एक खोली, टीव्ही चालू, त्याची बायको किंवा बहीण, खुर्ची पुढं ओढून. एक ओळ पण

शनिवार, २२, दुपार
सांगितलं. मांडवाचे बांबू टेम्पोतनं उतरत होते तेव्हा. काका ओरडले नाहीत. म्हणाले, आत्ता? पाव्हणे निघाले असतील. लोक काय म्हणतील अण्णाला. मग एकदम, "पोरगी म्हणाली का तुझ्या पुस्तकातलं आहे हे?"
"तुम्हीच विचारा तिला."
"तिला काय विचारायचं?"
म्हणाले खरं, पण तिथंच उभे राहिले. हातात नारळाची पिशवी.  मग पिशवी माझ्याकडं दिली आणि तिच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं.

टेंभुर्णीचा फोन वाजून वाजून थांबला. उचलला नाही.  आता आत कुणीतरी रडतंय. काका का लीलाक्का, कळत नाही. अव्वा चहाचे कप घेऊन दारापर्यंत गेली. मी हातानंच थांब म्हटलं. थांबली.

मांडववाले विचारतायत बांधू का. म्हटलं, बसा जरा. बसलेत.