नकाशातले सहा किलोमीटर

९ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू अजून रोज सकाळी तासभर चालतेस असं भावजी फोनवर म्हणाले. ते ऐकूनच लिहायला बसलो. काम आहे, पण आधी यादी.

पत्र्याची घडीची शेगडी एक, वाऱ्याला आडोसा असलेली. कॅनव्हासच्या पाठपिशव्या सहा, टाका दुहेरी. घडीची स्टुलं दोन, प्रत्येकी साडेआठशे ग्रॅम. खिशात मावणारा नकाशा एक. सगळं माझ्या हातचं, आणि यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही, हे तुला सांगायला नको. तरी सांगितलं.

हे तुझ्या भाचीच्या सहलीसाठी. ती आणि तिच्या वर्गातली पाच जणं तळ्यावर जाताहेत, एक मुक्काम. बसथांब्यापासून पुढे पायी. ठरवायचं सगळं त्यांनीच, मोठ्यांनी मधे तोंड घालायचं नाही. बैठका माझ्या वर्कशॉपच्या माळ्यावर, म्हणजे मला खाली सगळं ऐकू येतं. दारावरची बेल वाजली की माझ्यामागे लपणारी आपली पोर विश्रामगृहाच्या मॅनेजरला फोनवर सांगत होती, "खोल्या बघितल्याशिवाय आगाऊ पैसे नाही देणार, काका." मी रंधा थांबवून ऐकत होतो. तो कबूल झाला, बरं का. फक्त सोबत एक मोठं माणूस हवं म्हणाला.

ते माणूस तू हो. मी का नाही, हे विचारू नकोस.

विचारणारच तू.

त्यांच्यात एक चष्मेवाली आहे, चालण्याचा हिशोब तिच्याकडे. तिने माझ्या नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलं, सहा किलोमीटर. तेवढ्यावर न थांबता एक तारखेला, रविवारी, सायकल काढून रस्ता पाहून आली. मला म्हणते, "काका, नकाशात सहा, सायकलवर नऊ."

"सायकलचं मीटर दाखवून घे कुणाला तरी," मी म्हणालो.

आपली पोर जिन्यावर उभी होती. "बाबा, नकाशा तुम्ही काढलाय म्हणून रस्ता आखडणार आहे का?"

सगळी हसली. मी नको ते बोललो. माझी एकही वस्तू नेऊ नका म्हणालो. तिने शेगडी उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली, पाय घडी करून, मी शिकवलं होतं तशी.

मुलं गेल्यावर मूळ नकाशा काढला. तो मी मोठ्या कागदावर काढला होता, आणि खिशात मावावा म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून एक तृतीयांश लहान करून आणला होता. खाली माझ्या सुबक अक्षरात 'एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर' तसंच राहिलं. नकाशा आक्रसला, ओळ नाही. ताई, दारं-खिडक्या करतो मी. मिलिमीटरवर भांडतो गिऱ्हाइकांशी. ती पोरं माझ्या भरवशावर निघाली असती तर शेवटचे तीन किलोमीटर अंधारात चालली असती.

चार दिवस चूक कबूल केली नाही. त्यांनी मात्र दुपारच्या बसऐवजी सकाळची धरली, वाटेतला धबधबा गाळला, एकीचा बूट चावतो म्हणून दर तासाला विसावा घातला. माझ्या नकाशावरची ती ओळ खोडून खाली नवी लिहिली. अक्षर गचाळ, माप बरोबर.

काल माळ्यावर चढलो. म्हणालो, "चूक माझी होती. मीटर ठीक आहे." एवढंच जमलं. चष्मेवालीने मान हलवली. आपल्या पोरीने खाली जाऊन शेगडी परत आणली.

गुडघा दुखतो असं मी त्यांना सांगितलंय. तू उघडं पाडू नकोस. गुडघ्याला काही झालेलं नाही. पण मी गेलो तर पहिल्या वळणावर नकाशा पोरीच्या हातातून काढून घेईन. मला मी माहीत आहे. तू गेलीस तर गप्पा मारत मागून चालशील, आणि चुकली तरी चुकू देशील. शनिवारी सकाळी सातची बस आहे. होय की नाही, ते तिलाच फोन करून सांग, मला नको.

शेगडी घेऊन वर आली तेव्हा तीच म्हणाली होती, "बाबा, मोठं माणूस म्हणून तुम्हीच चला ना." वर लगेच, "पण वर्गणी सगळ्यांएवढीच हं, सवलत नाही." चारशे वीस, जेवणासकट. मी नाही म्हणालो.

तुझा,
भाऊ