ऑगस्टीनकाकांचा रविवारचा चहा

वसई,
शनिवार, १३ जानेवारी १९५१

प्रिय सेबेस्टियन,

आणि पांडू ढोल बडवत सरळ ऑगस्टीनकाकांच्या वाडीत घुसला. त्याच्यामागे मी, डोक्यावर कळशी. माझ्यामागे लाल लुगड्यांतल्या चाळीस बायका, गाणं म्हणत. मी ओरडले, अरे पांडू, तिकडे नाही! पण ढोलापुढे माझं कोण ऐकतो! केळीच्या दोन रांगांमधून तो नाचत चालला होता आणि सगळी वरात त्याच्यामागे. वळायला जागाही नव्हती. घाईघाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

उद्या सकाळी आपल्या धाकट्या बहिणीचं, रोझलीनचं लग्न. आज दुपारी आम्ही उंबराचं पाणी आणायला निघालो होतो. दहा वर्षांत तू विसरला नसशील, नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत घरच्या विहिरीवरून आणायचं असतं. घरची विहीर आपल्याला राहिली नाही, म्हणून तळ्याजवळच्या गावविहिरीवर जायचं ठरलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पांडूला सोडून. पांडू अर्नाळ्याचा. आपल्या घरी तो शेवटचा वाजवायला आला माझ्या लग्नात, चौदा वर्षांपूर्वी, आणि तेव्हा पाणी याच विहिरीचं होतं. त्याला कुणीच काही सांगितलं नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं सांगितलं असेल.

रहाट चालू होता. ढोल ऐकून बैल थबकला, आणि काकांनी कितीही चुचकारलं तरी पुढे पाऊल टाकीना. गाडग्यांमधलं पाणी परत विहिरीत पडू लागलं. काका बैलामागच्या आडव्या दांडीवर बसले होते, हातात बैलाची दोरी. मग गाणं थांबलं, एकेक आवाज गळत. शेवटी ढोलही थांबला. पांडूनं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘काय झाला बाय? पानी हितलाच ना?’

तू तिथे हवा होतास. खरंच सांगते, तू तिथे हवा होतास.

तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असते: त्याचं काय झालं? कोर्टात पवित्र पुस्तकावर हात ठेवून काकांनी खोटी शपथ घेतली की विहीर आणि पूर्वेची वाडी आजोबांनी त्यांना एकट्यालाच दिली. त्याच वर्षी पपा गेले. तू बहरीनला निघालास तेव्हा म्हणालास, देव त्याला काही करील तेव्हा कळव, तेव्हाच मी येईन. मी वाट पाहिली. कळवायचं काय? त्यांच्या केळीवर रोग आला नाही, आपल्या केळीवर आला. त्यांच्या घरावर मंगलोरी कौलं चढली. मुलाला रेल्वेत नोकरी लागली. सणाला देवमातेच्या मूर्तीवर जे रेशमी छत्र धरतात ते त्यांनी दिलं. प्रत्येक वेळी मी तुला लिहिलं आणि तू उलट टपालानं विचारलंस, अजून? आता एक गोष्ट कबूल करते. रोझरी संपल्यावर मी रोज एक जास्तीचा नमो मरिया म्हणत आले, काकांच्या रहाटाचा कणा मोडावा म्हणून. तीन वर्षांपूर्वी तो मोडला. त्यांनी नवा करून घेतला, सागवानी, पहिल्यापेक्षा चांगला. त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि तो चहा. तो तुला माहीत नाही, तुझ्यानंतरचा आहे. काका दर रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसतात. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला सगळे उठले की ते उठत नाहीत, शेजारच्याला म्हणतात, माझा चहा झाला. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंब पोटात गेला तरी कम्युनियन घेता येत नाही, मग चहा म्हणजे विषयच संपला. अख्ख्या गावात ही थट्टा आहे. आमचे ॲन्सेल्म तर कुणी खादाड दिसला की म्हणतात, हा ऑगस्टीनचा चहावाला भाऊ. मीही हसत आले. एवढं छत्र देणारा माणूस, पण रविवारचा एक कप सुटत नाही.

तर विहिरीवर सगळ्या अडल्या. परत फिरलो तर अपशकुन, आणि पाणी घ्यावं तर कुणाचं! तेवढ्यात क्लेमेंटीन आते पुढे झाली. स्वतःच्या सख्ख्या भावाशी ती अकरा वर्षं बोलली नव्हती, पपांच्या मयतातसुद्धा नाही. काका म्हणाले, ‘क्लेमू, पाणी घ्या.’

आते म्हणाली, ‘कुणाचं? तुझं?’

‘घ्या म्हटलं.’

‘वा! इतकी वर्षं देवाच्या घरी जाताना स्वतः चहा ढोसून जातोस, आणि आज आम्हाला पाणी पाजतोस?’

बायका हसल्या. मीही हसले असते. पण काकांचा चेहरा पाहिला. आपल्या पपांसारखाच दिसतो रे तो, आता म्हातारपणी. ते म्हणाले, ‘मी चहा पीत नाही, क्लेमू. रविवारी तोंडसुद्धा धुवायची भीती वाटते, चुकून घोट जाईल म्हणून. उपाशीच येतो मी. दर रविवारी. वाटतं, आज उठेन.’

मग सगळं बाहेर आलं, चाळीस बायकांसमोर, पांडूसमोर. खटला जिंकल्यावर पहिल्याच ईस्टरला ते कन्फेशनला गेले होते. फादर म्हणाले, आधी विहीर परत दे, मग पापमुक्ती, आणि तोवर कम्युनियन नाही. काकांनी कबूल केलं, देतो, कौलं चढली की. मग म्हणाले, मुलाला नोकरी लागली की. तोवर फादर बदलले. दुसऱ्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्यांनीही तेच. छत्र दिलं तेव्हा त्यांना वाटलं, आता तरी देव मिटवून टाकील. आताच्या फादर आल्बर्टनी छत्र घेतलं, आशीर्वाद दिला, आणि विचारलं, विहिरीचं काय केलंस? ‘दरवर्षी माझं पीक चांगलं येतं,’ काका म्हणाले, ‘आणि दरवर्षी मला धाक वाटतो. एकदा तरी काही बुडालं असतं तर म्हटलं असतं, फिटलं. काही बुडतच नाही.’

आते म्हणाली, ‘मग द्यायची होतीस की. हात कुणी धरला होता?’

‘कुणी मागायलाच आलं नाही.’

‘चोराच्या दारात मागायला जायचं?’

‘हो,’ ते म्हणाले. ‘निदान पाणी तरी मागायचं होतं. आज तुम्ही आलात आणि मला वाटलं, आले एकदाचे.’

आम्ही मागायला गेलोच नव्हतो, हे त्यांना कोण सांगणार! पांडू तोंड उघडू लागला तर आतेनं त्याच्या पायावर पाय दिला.

सेबेस्टियन, जाण्याआधी तू फादरना विचारलं होतंस की येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराला एका वाक्यावर स्वर्ग मिळाला, पण त्यानं ज्याला लुटलं होतं त्याचं काय? आणि तू टोपी उचलून निघालास. मला तुझा अभिमान वाटला होता. तो प्रश्न अजून खरा आहे. पण आज मला दुसरी बाजू दिसली, आणि ती दिसल्यापासून मी जागेवर बसू शकत नाही. आपण समजत होतो, देवानं काकांना मोकळं सोडलंय. माणूस पहिल्या बाकावर उपाशी बसला होता. मी मात्र त्याचा रहाट मोडावा म्हणून प्रार्थना करून, दर रविवारी त्याच्या डोळ्यांसमोरून कम्युनियनला जात होते. माझ्यावर कुणी अट घातली नव्हती, कारण मी कन्फेशनमध्ये तो नमो मरिया कधी सांगितलाच नाही. मला ते पाप वाटलंच नाही.

विहीर आपली झाली. पूर्वेची वाडीसुद्धा. मंगळवारी काका ॲन्सेल्मबरोबर वकिलाकडे जाऊन कागद करणार आहेत. त्यांनी स्वतः बैल सोडून बाजूला बांधला, स्वतः हातानं रहाट ओढला आणि माझी कळशी भरली. पांडूनं असा ढोल वाजवला की बैल दावं तोडून केळीत पळाला आणि अर्धी वरात त्याच्यामागे धावली. आते रडत होती आणि रडता रडता बैलाला शिव्या देत होती. रोझलीनला घरी कळलं तेव्हा तिनं हळदीच्या हातांनी मला मिठी मारली, माझं नवं लुगडं गेलं कामातून. घरात आता पाय ठेवायला जागा नाही. मी मागच्या पडवीत पाटावर वही ठेवून लिहितेय आणि दर दोन ओळींना कुणीतरी मीठ कुठे आहे ते विचारतंय.

कागदावर तुझी सही लागेल. ती टपालानं आली तरी चालेल, त्यासाठी मी एवढं लिहीत नाही. लिहिते ते दुसऱ्या गोष्टीसाठी. कळशी भरण्याआधी काकांनी मला विचारलं, ‘सेबेस्टियन काय म्हणतो? कोर्टाच्या पायरीवर त्यानं मला सांगितलं होतं, तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. त्यानं विहीर घेतली नाही तर मी कुणाला देऊ?’ दोरी त्यांच्या हातात होती आणि हात थांबला होता. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, त्यानं पत्रात लिहिलंय, काकांना माफ केलं म्हणून. मी खोटं बोलले, सेबेस्टियन. तुझ्या नावानं, उंबराच्या पाण्याची कळशी हातात धरून, चाळीस बायकांच्या साक्षीनं. तू तसं कधीच लिहिलं नाहीस. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. त्यांनी खोट्यानं विहीर घेतली आणि मी खोट्यानं परत आणली. फरक आहे असं मला वाटतं, पण मी स्वतःची वकिली करणार नाही. माझं वाक्य खरं करणं आता तुझ्या हाती आहे. नाही केलंस तर मी काकांकडे जाऊन खरं सांगेन, विहीर गेली तरी. केलंस तर मला लिहू नकोस. त्यांना लिही. किंवा ये.

तुझीच,
फिलोमिना

रविवार. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं. लग्न पंचवीस मिनिटं उशिरा लागलं. फादर आल्बर्ट कन्फेशन ऐकत होते. आत ऑगस्टीनकाका होते. त्यांच्यानंतर मी गेले.